घरची पानं

मुरुडच्या आमच्या नारळीच्या वाडीत आई दोन खोल्या पाहुण्यांना देते. बाबा वारल्यावर मेलचं काम तिच्याकडे आलं. हल्ली बुकिंगचे मेल पाहुण्यांच्या स्पॅममध्ये पडत होते, म्हणून तिनं मला मुंबईहून बोलावून घेतलं.

प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही अशा जागी, बाबांनी स्वतःची एक ओळ घातलेली होती: ‘घरची पानं’. त्या दिवशी घरातली किती माणसं जेवायला आहेत, तो आकडा ते रोज स्वतः भरत. भाताचा अंदाज चुकू नये म्हणून. असली अनोळखी ओळ फिल्टरला खुपते, आणि तो मेल बाजूला टाकतो.

आईनं कालच पाठवलेल्या मेलमध्ये होतं, ‘घरची पानं: २’. घरात आई एकटीच होती.

मी ती ओळ काढून टाकली आणि स्वतःला एक मेल पाठवून बघितला. तोही स्पॅममध्ये गेला. ‘घरची पानं: ३’.

आई माझ्या खांद्यावरून बघत होती. ती उठली आणि तिनं तिसरं पान मांडलं, पाटासकट.

“अगं आई, अशानं पाहुणे यायचे नाहीत.”

“नाही आले तर नाही आले. राहू दे ती ओळ.”

सकाळी मी एसटीत बसले. काशीद मागे पडलं तेव्हा आईचा फोन आला.

“क्षिप्रा, मेल आता एकच पान सांगतोय गं. बाबा तुझ्याबरोबर निघाले का?”

मी मान वर केली. बसमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि माझ्या शेजारच्या सीटवर मुरुडपासून कुणीच बसलं नव्हतं.