घरचा भीम

पेठच्या शाळेत पालक संघाची बैठक भरली होती. संघाच्या निधीतून यंदा मुलांच्या कोणत्या हौशीला मदत द्यायची, ते ठरत होतं. अध्यक्ष सविताताईंनी पुढचा अर्ज वाचला. सहावीतल्या पूजाला गॅदरिंगमध्ये बोहाड्यातला, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या उत्सवातला, भीम नाचवायचा होता, आणि त्यासाठी नाशिकहून पुठ्ठ्याचा मुखवटा हवा होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तिचे आजोबा काळूबाबा उठले. आता ते हरकत घेणार, असं सविताताईंना वाटलं. गावच्या बोहाड्यातल्या भीमाचा लाकडी मुखवटा चार पिढ्या काळूबाबांच्याच घरात होता. बापानंतर तो मुलानं चढवायचा. बायकांनी हातही लावायचा नाही.

“पुठ्ठ्याला पैसे देऊ नका,” काळूबाबा म्हणाले.

“बाबा, पोरगी मन लावून नाचते हो.”

“म्हनून तर सांगतो. घरचा भीम हाय ना. पन तो गड्याच्या मापाचा, पोरीच्या डोक्यावर ढळतो. आतून गादी शिवायला कापूस नि कापड तेवढं द्या.”

ते खाली बसता बसता थांबले.

“सकाळीच घालून पाह्यला तिला.”