सहा पौंड

“अजून एक पौंड दे, दादा. एकच.”

थोरल्याने बोटाने इंजिनाचा पट्टा दाबून त्याचा ताण पाहिला. धाकटा हेल्मेट काखेत धरून बॉनेटपाशी उभा होता. तीन फेऱ्यांची संधी होती, त्यातल्या दोन संपल्या होत्या. पहिल्या फेरीला त्र्याण्णव पूर्णांक सहा सेकंद लागले, दुसरीला त्र्याण्णव पूर्णांक एक. या वर्गातला विक्रम होता ब्याण्णव पूर्णांक चारचा. तो जो मोडेल त्यालाच शर्यतीच्या संघात घेऊ, असं व्यवस्थापकाने सकाळीच सांगितलं होतं. नाही मोडला, तर धाकट्याने उद्यापासून काकांच्या टायरच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं.

विक्रम थोरल्याचाच होता, सहा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर डोळ्याचा पडदा सरकला, डॉक्टरांनी शर्यतीचा दाखला नाकारला आणि तो चालकाच्या सीटवरून उठून इंजिनापाशी आला.

या वर्गात इंजिन शोरूममधून येतं तसंच ठेवावं लागतं. पिस्टन, दांडे, काही बदलायचं नाही. सुपरचार्जर तेवढा चालतो. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. पट्ट्याचं चाक, म्हणजे पुली, जितकी लहान, तितका तो वेगाने फिरतो आणि तितका दाब जास्त. पण दाबलेली हवा तापते. फार तापली तर इंधन ठिणगीच्या आधीच भडकतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून थोरल्याने मोठी पुली लावली होती, ठिणगी तीन अंश उशिरा ठेवली होती, इंधन थोडं जास्त सोडलं होतं. दाबाचा काटा सहा पौंडांच्या पुढे जात नसे. गाडीच्या संगणकातल्या आकड्यांना त्याने पासवर्ड घातला होता.

“आतले पिस्टन बाजारात भाजी आणायला जायच्या गाडीचे आहेत, शहाण्या,” तो शेवटी म्हणाला. “त्यांच्याकडून पहिलवानकी करून घ्यायला गेलास तर इंजिन तिथल्या तिथे फुटेल. मग आईला काय सांगू? दादाने लाड केले म्हणून?”

“सातला फुटतं का इंजिन?”

“तू फोडून दाखवशील.”

वहिनी ट्रॅकच्या कडेला पिटच्या भिंतीवर स्टॉपवॉच घेऊन बसली होती. ती हसली. “भावोजी, यांनीही सहावरच केलं ना? तुम्हाला काय सोन्याचं इंजिन लागतं?”

दादाने सहा पौंडांवर विक्रम केला, ही गोष्ट घरात लहान मुलांनाही पाठ होती.

थोरल्याने एक स्पार्क प्लग काढला. पिस्टन वितळायला लागला की प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात. त्याने भिंग लावलं आणि चांगला डोळा जवळ नेला. तो बराच वेळ पाहत राहिला. धाकटा शेजारी वाकला.

“काय दिसतंय?”

थोरल्याने प्लग फडक्याने पुसला आणि परत जागेवर बसवला. “सहाच राहू दे,” तो म्हणाला. “जा. दुसऱ्या वळणावर ब्रेक उशिरा दाब.”

धाकटा गेला. दुसऱ्या वळणावर त्याने ब्रेक इतका उशिरा दाबला की मागची चाकं घसरून धूर निघाला. वहिनी उठून उभी राहिली. चौथ्या वळणावर तो भिंतीच्या इतका जवळून गेला की बाजूचा आरसा उडाला. ट्रॅकच्या सरळ टप्प्यात मात्र गाडी नेहमीच्याच वेगाने गेली. तिथे हिंमत कामाला येत नाही. तिथे फक्त ताकद लागते.

ब्याण्णव पूर्णांक सात.

व्यवस्थापकाने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. तो थोरल्यापाशी आला. “इंजिन फार छान सांभाळलंय तुम्ही. तीन फेऱ्या झाल्या, पण एकदाही कुरकुरलं नाही.” मग धाकट्याकडे न बघताच म्हणाला, “चालक आम्ही दुसरा बघतो.”

धाकटा टायरांच्या ढिगावर बसला. त्याने हातमोजे काढले. वहिनीने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती नुसतीच हातात धरली.

“दादा, गाडीचा काही दोष नाही,” तो म्हणाला. “तेच इंजिन, तोच दाब. तू केलंस. माझ्याच्याने झालं नाही. इतकी वर्षं उगाच वाटत होतं की माझ्यात काहीतरी आहे.”

“असं नको बोलू रे.”

“खरं आहे ते. आणि तुझ्यावर चिडलो, त्याचं मनावर घेऊ नकोस. तुझ्यामुळेच धडधाकट उतरलो गाडीतून. दुसऱ्या कुणी मी मागितला तेवढा दाब दिला असता आणि मला मारलं असतं.”

त्याने वाकून थोरल्याच्या पायाला हात लावला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला.

थोरल्याने त्याला उठवलं आणि जवळ घेतलं. “सगळ्यांनाच जमतं असं नाही,” तो त्याच्या कानाशी हळूच म्हणाला.

सहा वर्षांपूर्वी विक्रमाच्या दिवशी त्याच्या गाडीत दहा पौंड दाब होता, आणि इंजिनाला ओरखडासुद्धा आला नव्हता.