उशाशी वाचन

बायको शुद्धीवर येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा, ऐकू जात असेल कदाचित." ट्रकचालक नवऱ्याजवळचं सगळं बोलणं दोन दिवसांत आटोपलं. मग शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेला तो माणूस तिच्या कपाटातलं एकेक पुस्तक आणून उशाशी मोठ्यानं वाचू लागला.

भूतकथा वाचली, तर नर्सबाईच एकट्या जिना उतरेनात. जन्मभर ट्रक हाकलेला गडी प्रवासवर्णनात मात्र वाट चुकला. आत्मचरित्राचा नायक मॅट्रिक होईपर्यंत तर त्याला डुलकीच लागली.

"काका, आज काय?" नर्सबाईंनी विचारलं.

"प्रेमकथा. कपाटात आता एवढंच उरलंय," तो म्हणाला. डॉक्टरही हल्ली नुसतंच 'बघू' म्हणत होते.

नायक-नायिकेचं भांडण ऐन रंगात आलं आणि त्याचे डोळे असे भरून आले की अक्षरं दिसेनात. त्यानं मूठभर पानं एकदम उलटली, डोळे पुसले आणि पुढचं वाचायला घेतलं, "धाकटीला शाळेत सोडून ती घरी आली..."



"अहो," उशीवरून क्षीण आवाज आला, "यांचं लग्न कधी झालं? पानं गाळलीत ना?"