ठळक ओळ
घशाच्या ऑपरेशननं टायपिस्टची वाचा गेली, तेव्हापासून तो सवयीनं एक्सेलमध्येच टाइप करून घरच्यांशी बोलायचा. तो गेल्यावर लेकीनं त्याचा कॉम्प्युटर भंगारात दिला. फाइल तेवढी पेनड्राइव्हवर ठेवली. आज ती नव्या लॅपटॉपवर उघडली, तर शेवटच्या पानावर कुणीच न वाचलेली एक ओळ निघाली. ठळक, सावली दिलेली, भली मोठी अक्षरं. पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी एबीसीडी आणि कंस. “फॉन्ट बदल,” आई म्हणाली. लेकीनं यादीतले सगळे फॉन्ट लावून पाहिले. कंस जाड झाले, तिरके झाले; मराठी होईनात. बाबांच्या कचेरीत फोन केला. “तो फॉन्ट तुमच्या बाबांनी स्वतःच बनवला होता, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच असेल, बघा.” लेकीचा हात माऊसवरच राहिला. आई पडद्याला नाक लावून म्हणाली, “मलाच लिहिलंय. मला दिसावं म्हणूनच ते एवढं मोठं लिहायचे.”