बरोबरची खूण

यादी वाळवायला मावशींनी ती इस्त्रीखाली घेतली, म्हणून तर पुढचं सगळं घडलं. एरवी इस्त्रीला आलेल्या कपड्यांच्या खिशात सापडलेली वस्तू न बघता डब्यात टाकायची आणि मालकाच्या हातात द्यायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. पण आज सुनेने खिसा चाचपायच्या आधीच सदऱ्यावर पाणी शिंपडलं. आतल्या चार पानांचा लगदा व्हायला आला होता. मावशींनी पानं सुटी केली, वर जुना पंचा टाकला आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. पंचा उचलला, तर खाली अख्खी गल्ली.

मतदारयादीच ती: घर नंबर, नाव, वय, आणि प्रत्येक नावापुढे पेनाने एक खूण. शिंप्याच्या घरी पाचही जणांना बरोबरची खूण. कंपाउंडरला फुली. निवृत्त मास्तरांना फुली आणि तिच्याखाली जाड रेघ. त्यांच्या दारात नळासाठी खणलेला चर सहा महिने तसाच का उघडा आहे, ते मावशींना आत्ता कळलं. घड्याळजीला प्रश्नचिन्ह. मग त्यांचं स्वतःचं घर. मुलाला बरोबर, सुनेला बरोबर, मावशींना बरोबर. आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या यजमानांनाही बरोबर.

"यांनाही सोडलं नाही गं," मावशी म्हणाल्या आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

सदऱ्याचा मालक दुपारी पळतच आला. पक्षाच्या कचेरीतला हा माणूस. लहानथोर सगळे त्याला भाऊ म्हणत. मतदानाला तीन दिवस उरले होते.

"मावशी, खिशात एक कागद..."

"आहे की. वाळवून, घडी घालून ठेवलाय."

भाऊंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात पुढे केला. मावशींनी कागद दिला नाही.

"माझ्यापुढे खूण कुणी केली?"

"वाचलंत होय? अहो, ते आपलं कामापुरतं. तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला काय विचारायचं?"

"तेच म्हणते. तीस वर्षांत विचारलंत कधी?"

"लगेच रागावता बघा. चांगली खूण आहे ती, मावशी, आपल्या माणसांची. फुली नाही मारली."

"यांच्यापुढेही मारलीत. जाऊन चार वर्षं झाली त्यांना. तुमच्या स्वप्नात येऊन सांगून गेले का?"

मागे चादरीच्या घड्या घालणाऱ्या सुनेने हसू दाबलं. भाऊही हसले, पण उशिरा.

"माझं मत ठाऊक असणारी एक मी, दुसरा देव," मावशी म्हणाल्या. "तिसरे तुम्ही कुठून आलात? खोडा ती खूण."

"आणि फुली मारू?"

"फुली मारणारे तरी तुम्ही कोण? घड्याळजीपुढे काढलंय, ते काढा."

भाऊंनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "प्रश्नचिन्हवाल्यांची नावं वर जातात, मावशी. मग वरचे विचारतात, नगरपालिकेच्या जिन्याखाली हे दुकान कुणाच्या शब्दावर चालतं? परवाना याच महिन्यात संपतोय ना? मी आपलेपणाने सांगतोय. कशाला तापलेलं हातात घेता?"

"तीस वर्षं दुसरं काय करतेय?"

"आई, जाऊ द्या ना," सून हळूच म्हणाली. तिचं हसू केव्हाच मावळलं होतं. घरातली चूल या दोन टेबलांवरच पेटत होती.

मावशींनी वर पाहिलं. जिन्याचं तिरकं छत त्यांच्या वाकलेल्या डोक्यापासून चार बोटांवर होतं. त्या टेबलामागून निघाल्या, बाहेर उन्हात येऊन भाऊंसमोर ताठ उभ्या राहिल्या. भाऊंना पहिल्यांदाच कळलं, की बाई आपल्याहून उंच आहे.

"इतकी वर्षं मी आत मान वाकवून उभी आहे, ती जिना खाली आहे म्हणून. तुमच्यासाठी वाकलेय असं वाटलं होय तुम्हाला?"

मावशींनी कागद पुढे केला. भाऊंनी तो घेतला, गुडघ्यावर धरला, पेन काढलं.

"आधी यांचं नाव खोडा," मावशी म्हणाल्या. "गेलेल्या माणसाला एवढं तरी सुटू द्या. हां. आता माझं. जरा मोठं काढा, वरच्यांना चष्मा असेल."

खूण बदलली. भाऊ कागद खिशात कोंबून निघाले. सदरा टेबलावरच राहिला.

"आई, मत खरंच दुसऱ्याला देणार?" सुनेने विचारलं.

"तुला का सांगू?" मावशींनी इस्त्रीचं बटण पुन्हा चालू केलं. "आणि तुझ्यापुढचीही खूण त्याच्याच हातची आहे. मी फक्त माझ्यापुरतं बोलले."

सुनेने बाहेर पाहिलं. भाऊ कोपऱ्यापर्यंत पोचले होते. तिने चादर अर्ध्या घडीतच खाली ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि भर रस्त्यात हाक मारली, "ओ भाऊ, पेन आत ठेवू नका."