शेवटी येण्याचा मान

टाळ्या चेहऱ्याला मिळत नाहीत, तपश्चर्येला मिळतात, असं सर ऑब्री पेनहॅलो यांचं ठाम मत होतं. एकसष्ट वर्षं लंडनची रंगभूमी आणि अधूनमधून पडदाही गाजवलेल्या नटाला असं मत परवडतं. नाटक संपल्यावर नमस्काराला सर्वांत शेवटी येण्याचा मान त्यांचा. रोज ते यायचे, सोबत नाटकातला कुत्रा यायचा आणि अख्खं थिएटर उठून उभं राहायचं.

"दिग्दर्शक म्हणतो, लोक कुत्र्यासाठी उठतात," त्यांनी मेकअपच्या खोलीत विनिफ्रेडला सांगितलं. "उद्या कुत्र्याला माझ्याआधी पाठवा. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

"सगळ्याच गोष्टींचा सोक्षमोक्ष लावू नये, सर ऑब्री," त्यांच्या कोटाला ब्रश मारत ती म्हणाली. तीस वर्षं त्यांना कपडे चढवणाऱ्या बाईला एवढं बोलायचा हक्क होता.

बुधवारी दुपारच्या खेळाला कुत्रा आधी आला. थिएटर उभं राहिलं. पहिल्या रांगेतल्या एक आजी तर "गुणाचं गं माझं बाळ!" म्हणत डोळे पुसू लागल्या. मग सर ऑब्री आले. लोक अजूनही उभेच होते, पण आता ते कोट घालत होते.

विंगेत परतल्यावर सर ऑब्रींनी मान ताठ केली. "असो. शेवटी त्याचीही तपश्चर्या आहेच. दोनशे प्रयोग केलेत बिचाऱ्यानं."

"ते त्या दुसऱ्यानं, सर ऑब्री," विनिफ्रेड म्हणाली. "त्याचं पोट बिघडलंय. हा बदलीचा. आज सकाळीच आला."