गळका पंप

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "या पंपाला हात लावायचा नाही तुम्ही."

काका बाजूला झाला. एरवी ती त्याला अरेतुरे करायची, हसता हसता पाठीत बुक्कीही घालायची. आजचं 'तुम्ही' त्याला कानफटात बसावं तसं बसलं.

बाबा गेल्यापासून गाड्या धुण्याचं हे दुकान बंद होतं. शटरची एकुलती एक किल्ली तिने पर्समध्ये ठेवली होती आणि कुणाला दिली नव्हती. आज सकाळी आईनेच विषय काढला. "एकदा तो पंप खोलून बघ. पाणी अडवणारी ती रबरी सीलं खरंच झिजली होती का, ते मला कळू दे."

म्हणजे आईच्याही पोटात तीच आग होती. तिला तेवढं पुरलं.

बाबा पंपाशेजारच्या ओल्या फरशीवरून घसरले होते. डोकं टाकीच्या काठावर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या व्हरांड्यात, आईसमोर, काका आपण होऊन म्हणाला होता, "पंप गळत होता. दादा कधीचा सीलं बदल म्हणत होता. मीच आज करतो, उद्या करतो करत राहिलो."

राग कुणावर काढायचा, हा प्रश्न तिथेच मिटला.

आज ती सगळं ठरवून आली होती. झिजलेली सीलं काढायची, आधी आईला दाखवायची, मग काकाच्या हातावर ठेवायची. नवी घालायची. आणि सांगायचं, आता या दुकानात परत तोंड दाखवू नका. उभं आयुष्य या फरशीवर काढलेला माणूस कुठे जाईल, याचा विचार तिने केला नव्हता. करायचाही नव्हता.

"ठमे, मी खोलतो ना," काका म्हणाला. "तू घरात जा, आईजवळ बस. पाच मिनिटांत नवी टाकून देतो."

"पाच मिनिटांत? मग इतके दिवस काय मुहूर्त बघत होतात?"

काकाने मान खाली घातली.

"आणि ठमी म्हणायचं नाही मला."

तिने पंपाच्या पितळी हेडचे बोल्ट सैल करायला घेतले. समोरासमोरचे, थोडे थोडे. एकच एकदम सोडलास तर हेड रुसलेल्या जावयासारखं वाकडं बसतं, बाबा म्हणायचे. ते आठवलं आणि पाना बोल्टवरून सटकून तिची बोटं सोलवटली. काका पुढे आला.

"लागलं का गं?"

"तिथेच थांबा!"

तो थांबला.

"बाबा तुमच्यावर ओरडायचे तेव्हा मला तुमची कीव यायची," ती बोट चोखत म्हणाली. "आता वाटतं, कमीच ओरडले."

"हो. कमीच ओरडला."

त्याचं हे हो ला हो तिच्या डोक्यात गेलं. "भांडा ना! काहीतरी बोला! वेळ नव्हता म्हणा, सामान मिळत नव्हतं म्हणा. नंदीबैलासारखी मान काय हलवताय?"

"काय बोलू? तुझं बरोबर आहे."

दुकानाच्या मागे घर होतं. मधल्या दाराला इतके दिवस दुकानाच्या बाजूने कडी होती; आज तिनेच ती काढून दार लोटून ठेवलं होतं. त्याच्यापलीकडून आईचा आवाज आला, "निघाली का गं?"

"काढतेय, आई!"

शेवटचा बोल्ट निघाला. तिने रबरी हातोडीने हेडला चारी बाजूंनी ठोकलं. ते सुटून हातात आलं. आतले तीन पांढरे दांडे उघडे पडले. हेड पालथं करून तिने पहिल्या सीलात आकडा घातला आणि रबराचं काळं कडं बाहेर ओढलं.

कडेवरून अंगठा फिरवला. फाटलेली, कडक झालेली धार हाताला लागेल म्हणून तिने जरा जोरातच दाबलं.

धार मऊ होती. कुठे चीर नाही, खरवड नाही. लावलेलं ग्रीसही अजून स्वच्छ होतं.

तिने दुसरं काढलं. मग तिसरं. तिन्ही कोरी करकरीत.

"हे..." ती उठून उभी राहिली. "कधी बदललीत? चोरून आलात? आपलं पाप झाकायला..."

तिची नजर शटरकडे गेली. कुलूप तिनेच लावलं होतं. आज तिनेच काढलं होतं.

"दादा जायच्या आदल्या आठवड्यात," काका हळूच म्हणाला. "त्याने आणि मी मिळून."

"म्हणजे पंप गळत नव्हता?"

"थेंबभरही नाही."

"मग खोटं का बोललात?" तिचा आवाज चढला. "सगळे नातेवाईक तुमच्या नावाने बोटं मोडतायत! मी तुम्हाला काय काय बोलले! आणि तुम्ही उभे राहून ऐकून घेताय? वेड लागलंय का तुम्हाला?"

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

दाराची कडी वाजली. आईचा आवाज आता अगदी जवळून आला. "निघाली का गं? झिजलेलीच होती ना?"

काकाने खिशातून एक कागदी पुडी काढली. आत तीन जुनी सीलं होती, कडा फाटलेली, दगडासारखी टणक झालेली. ती त्याने तिच्या तळहातावर ठेवली आणि स्वतःच्या हाताने तिची मूठ मिटवली.

"ही दाखव तिला. आत्ता पंपातून निघाली म्हणून सांग."

"मी आईशी खोटं बोलणार नाही."

"ठमे," काका तिच्या कानाशी वाकला, "त्या सकाळी फडकी धुतलेलं साबणाचं पाणी वहिनीने तिथे ओतलं होतं."